भोजराज कापगत्यांची पक्की झाकणं

"अवं, ज्या मानसाच्या आजानं तलावाची पाळ बांधली, त्याले भिंतीतलं चार बोटाचं भोक बुजवता नाई येत, असं वाटते का तुले?"

हे वाक्य भोजराज कापगत्यांनी सोमवारी संध्याकाळी, चहाची बशी हातात धरून, बायकोला ऐकवलं. आता ज्या घरात कर्ता पुरुष असं वाक्य बोलतो, त्या घराच्या भिंतींनी त्याच क्षणी पळून जायला हवं! पण भिंती कुठल्या पळतात बिचाऱ्या. त्या उभ्या राहिल्या आणि पुढचं सगळं त्यांच्याच नशिबी आलं.

भोजराज मूळचे कोहमाऱ्याकडच्या एका खेड्यातले. त्यांच्या आजा-पणज्यांनी मातीची पाळ घालून गावचा तलाव बांधला होता, आणि ही गोष्ट माहीत नसलेला माणूस गोंदिया जिल्ह्यात शोधून सापडला नसता. तुम्ही त्यांच्याशी कशावरही बोला. क्रिकेटवर बोला, मूळव्याधीवर बोला. तिसऱ्या वाक्याला भोजराज तलावावर येणारच! खुद्द भोजराजांनी आयुष्यात साधं डबकंही बांधलं नव्हतं. ते गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये दिवाणजी होते आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी कुडव्याला घर बांधलं होतं. बांधलं होतं म्हणजे काय, राहायला गेले होते. आपल्याकडे घर कधी पूर्ण होत नसतं. गृहप्रवेश होतो, पंगत उठते, आणि राहिलेलं काम "करू ना, कोठी पळून चाललं" या सदरात जमा होतं.

कापगत्यांच्या घरात राहिलेलं काम म्हणजे डबे. विजेच्या तारा जिथे एकमेकींना भेटतात किंवा जिथे प्लग बसवायचा असतो, तिथे भिंतीत पत्र्याचा चौकोनी डबा बसवतात. त्यावर स्क्रूनं आवळलेली एक पट्टी लागते. गुलशन नावाच्या इलेक्ट्रिशियननं डबे बसवले होते, तारा ओढल्या होत्या, वापरातली बटणं बसवली होती, आणि बाकीच्या डब्यांवर पट्ट्या बसवायच्या वेळी भोजराजांनी फाटे फोडले होते. "झाकन कायले पायजे? आत तार हाय, लोनचं थोडीच हाय!" गुलशनला तेवढंच निमित्त पुरलं. "बस दो दिन, भैया, देवरी की साइट निपटाके आता हूँ," म्हणून जो गेला तो गेलाच. दोन वर्षं झाली. त्या उघड्या डब्यांवर रीतानं कुठे कॅलेंडर लटकवलं, कुठे टॉवेल, कुठे गजानन महाराजांचा फोटो. हॉलमधल्या एका डब्याला तर चक्क सोफा आडवा लावून ठेवला होता.

रीता म्हणजे भोजराजांची बायको. तिची एकुलती एक पोरगी लग्न होऊन रायपूरला गेली आणि घर तिला खायला उठलं. मग तिच्या मनानं घेतलं की समोरच्या हॉलमध्ये पाळणाघर काढायचं. कुडव्यातल्या कितीतरी पोरी सकाळी स्कुटीवर बसून गोंदियाला नोकरीला जातात, त्यांची लेकरं कधी या शेजारणीकडे, कधी त्या शेजारणीकडे. रीतानं पोपटांचे पडदे शिवले. छोट्या छोट्या गाद्या भरल्या. हॉलला हळदीसारखा पिवळा रंग दिला. पुढच्या महिन्यात नारळ फोडायचा एवढंच उरलं होतं.

पण कॉलनीतलं एकही लेकरू सुलोचनाबाईंच्या होकाराशिवाय हलत नसे. सुलोचनाबाई म्हणजे निवृत्त हेडमास्तरीणबाई. पंचाहत्तरी गाठली तरी आवाज तसाच, घंटेविना शाळा भरवणारा. खेड्यात असताना त्यांनी भोजराजांना चौथीत शिकवलं होतं, म्हणजे भोजराजांना त्यांच्यासमोर आजही बसायला सुचत नसे. त्या सोमवारी दुपारी जागा बघायला आल्या, सोबत चार वर्षांची नात नीतू. बाईंनी पडदे पाहिले, गाद्या दाबून पाहिल्या, मान डोलावली. रीताचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच सोफ्यामागून नीतूचा आनंदी आवाज आला.

"आजी, शेवया!"

नीतूनं सोफ्यामागे शिरून डब्यातून लाल, काळ्या, हिरव्या तारांचा घोस बाहेर ओढला होता आणि त्यातली लाल शेवई ती तोंडात घालणार होती! रीता किंचाळली. बाईंनी पंचाहत्तराव्या वर्षी सोफ्यावरून हात घालून पोरगी उचलली. नशीब बलवत्तर, त्या तारेत वीज नव्हती. पण मग बाईंनी कॅलेंडर उचललं, मागे डबा. टॉवेल उचलला, मागे डबा. गजानन महाराजांना नमस्कार केला, फोटो हलवला, मागे डबा.

"रीता, शुक्रवारी परत येते," बाई म्हणाल्या. "एकही डबा उघडा दिसला, तर माझी नात इथं यायची नाही. आणि माझी नात आली नाही, तर कोणाचंच लेकरू यायचं नाही. समजलं?"

समजायचं काय होतं त्यात! रीता संध्याकाळी रडवेली होऊन नवऱ्याला म्हणाली, "अजी, त्या गुलशनले फोन करा न. पट्ट्या बसवून घ्या."

आणि त्यावर भोजराजांनी ते वाक्य उच्चारलं. पाळ, आजा, चार बोटाचं भोक वगैरे.

आता भोजराज काही अडाणी नव्हते. नियम पाहिल्याशिवाय ते कामाला हात घालत नसत. त्यांनी मोबाइल काढला, चष्मा चढवला आणि घरातल्या विजेच्या सुरक्षेवरचा एक व्हिडिओ लावला. टाय लावलेला एक गंभीर गृहस्थ सांगू लागला, "घरातला प्रत्येक डबा, मग तो स्विचचा असो, प्लगचा असो की जोडाचा, झाकलेला असलाच पाहिजे. कोणताही डबा उघडा राहता कामा नये. मात्र..."

आणि इथे गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागली. भोजराजांनी मोबाइल बंद केला.

"अजी, तो मात्र म्हन्ला न," रीता म्हणाली. "मात्र काय?"

"मात्र गुडघ्याले तेल लावा! झालं तुहं समाधान? अवं, नियम समजला. परतेक डबा झाकाचा. खतम."

खरं सांगायचं तर यात भोजराजांचा एकट्याचा दोष नाही. आपल्या देशात नियम 'मात्र'पर्यंतच वाचायची रीत आहे. त्यापुढचं वकील वाचतात.

मंगळवारी भोजराजांनी मिलमधून सुटी घेतली. रीता खेळणी आणायला गोंदियाच्या बाजारात गेली. जाताना दारातून तिनं विचारलं, "काही तोडफोड तं नाई करून राहिले न?" भोजराज हसले. "तोडफोड? मी बुजवून राहिलो, बाई!"

त्यांनी आधी मेन स्विच खाली पाडला. एवढी अक्कल देवानं दिली होती म्हणून ही गोष्ट विनोदी आहे, नाहीतर दुसऱ्या प्रकारची झाली असती. मग त्यांनी आजाची थापी काढली. ही थापी म्हणे तलावाच्या पाळीवर फिरलेली होती. आजाची पाळ बुजवायची रीत भोजराजांना तोंडपाठ होती. पाळीला उंदराचं भोक पडलं की काळी माती, शेण आणि भुसा एकत्र तुडवायचा, भोकात ठासायचा आणि वरून थापीनं असा गुळगुळीत करायचा की पाण्यालाही कळू नये इथे भोक होतं. काळी माती परसात होती, शेण शेजाऱ्याच्या गोठ्यात होतं आणि भुशाला काय तोटा? दिवाणजींनी मिलच्या अंगणातला झाडून काढलेला भुसा पोतंभर आणून ठेवला होता.

आणि मग भोजराजांच्या अंगात त्यांचा अख्खा वंश संचारला! तारा आत कोंबल्या, माती ठासली, थापी फिरवली, वर पुट्टी आणि त्यावर उरलेला पिवळा रंग. एक डबा झाला, दुसरा झाला. सोफ्यामागचा झाला, महाराजांच्या मागचा झाला. हात इतका बसला की डबे संपले तरी थांबवेना. मग हॉलच्या कोपऱ्यात त्यांना आणखी एक चौकोनी डबा दिसला. त्यात तारा नव्हत्या, एक पितळी चक्री होती. टाकीचं पाणी बंद करायचा कॉक तो! पण व्हिडिओत काय म्हटलं होतं? प्रत्येक डबा. भोजराजांनी तोही ठासून बुजवला. नियम म्हणजे नियम.

रीता संध्याकाळी आली आणि दारातच थबकली. भिंती एकसारख्या, पिवळ्याजर्द, गुळगुळीत. कुठे कॅलेंडर नाही, टॉवेल नाही.

"अजी, डबे कोठी गेले?"

"हेच तं! कोठी गेले? सांग बरं! शोध!" भोजराज छाती फुगवून उभे राहिले. रीतानं भिंतीवरून हात फिरवला. तिला खरंच काही सापडलं नाही. क्षणभर तिलाही बरं वाटलं. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं हाती घेतलेलं काम तिनं पहिल्यांदाच पुरं झालेलं पाहिलं होतं.

बुधवारी सकाळी तिनं पंख्याचं बटण दाबलं. पंखा फिरला नाही. दाराची बेल वाजली. रीतानं दार उघडलं, बाहेर कोणी नाही. परत पंखा लावला, परत बेल. दार उघडलं, कोणी नाही. चौथ्या वेळी दारात शेजारीण उभी होती. ती म्हणाली, "कोन वाजवून राहिला वं सकाळपासून?"

"पंखा!" रीता म्हणाली.

आत कोंबलेल्या तारा एकमेकींच्या गळ्यात गळे घालून बसल्या होत्या आणि वर ओल्या मातीचं पांघरूण. दुपारी मेन स्विचच खाली पडला. भोजराजांनी वर केला. खट्कन खाली. वर केला. खट्कन खाली! दिवाणजी आणि स्विच यांचा हा खेळ संध्याकाळपर्यंत चालला, शेवटी स्विच जिंकला. फ्रिज बंद, मिक्सर बंद, आणि घर मेणबत्तीवर आलं.

"आता तं करा गुलशनले फोन," रीता म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात रडं नव्हतं. ते जास्त भीतीदायक होतं.

गुलशन गुरुवारी आला. काळा गॉगल, कानात बाळी, कमरेला टेस्टर. डब्यांचं काम निघालं म्हटल्यावर तो दोन वर्षांत पहिल्यांदा वेळेवर आला होता.

"टेन्शन नहीं लेने का, भैया. पानी गया होगा किसी डिब्बे में. डिब्बा खोलते, सुखाते, खतम. कौन सा डिब्बा पहले खोलूँ?"

भोजराजांनी भिंतीकडे पाहिलं. गुलशननं भिंतीकडे पाहिलं. गॉगल काढून परत पाहिलं.

"भैया... डिब्बे कहाँ हैं?"

"भिंतीत."

"वो तो मालूम, मैंनेच लगाए थे. भिंत में कहाँ?"

"तूच लावले न, त तूच सांग!"

"अरे भैया, मैंने दीवार में लगाया था, दीवार के पेट में नहीं! नक्शा दिमाग में था मेरे. फिर देवरी की साइट आ गई, तो वो नक्शा निकाल के देवरी का डाल दिया."

मग शोध सुरू झाला. गुलशन बोटानं भिंत ठोकायचा आणि कान लावायचा. भोजराज दुसऱ्या बाजूनं ठोकायचे. शेजारीपाजारी जमले, तेही ठोकू लागले. बाजारात कलिंगड घेताना जसे सगळेच जाणकार होतात, तसं झालं. "इथीसा पोकळ वाटते!" "नाई बे, इथीसा!" गुलशननं छिन्नी मारून दोन ठिकाणी फोडलं. एका ठिकाणी वीट निघाली. दुसऱ्या ठिकाणीही वीटच निघाली. डब्यातली माती इतकी घट्ट ठासली होती की पोकळ आवाज येणार कुठून! किती डबे होते हेही कोणाला नक्की सांगता येईना. रीता म्हणे दहा, गुलशन म्हणे बारा, आणि भोजराज म्हणत, "मोजले कोन? मी तं बुजवत गेलो."

रीता एका गादीवर बसून हे पाहत होती. "उद्या बाई येनार हाय," ती एवढंच म्हणाली.

ते ऐकून भोजराजांनी ठोकणं थांबवलं. बढाईखोर असले तरी माणूस वाईट नव्हता. बायकोनं ते पोपट किती हौसेनं शिवले होते ते त्यांनी पाहिलं होतं. काहीतरी करायला हवं होतं. आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. घरात तेवढाच प्रकाश होता.

"दुधराम मामाले बोलावतो!"

दुधराम मामा म्हणजे भोजराजांच्या आईचे भाऊ. पंचक्रोशीत कोणालाही विहीर खोदायची असो की बोअर मारायची असो, आधी मामांना गाडी पाठवत. मामा तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालायचे. जिथे नारळ ताडकन उभा राहील तिथे पाणी. आजवर मामांचा नारळ खोटा ठरला नव्हता. जिथे पाणी लागलं नाही तिथे मामांच्या मते लोकांनी कमी खोदलं होतं.

"पन ते पानी पाहतेत जी!" रीता म्हणाली.

"जमिनीतलं दोनशे फूट खालचं दिसते त्यायले. भिंतीतलं चार इंचावरचं दिसनार नाई का? अवं, आतली वस्तू ते आतली वस्तू!"

शुक्रवारी सकाळी मामा आले. पांढरं धोतर, डोक्याला दुपट्टा, हातात सोललेला नारळ. सगळ्यांना चपला काढायला लावल्या. गुलशनला गॉगल काढायला लावला. मग तळहातावर नारळ ठेवून, डोळे अर्धवट मिटून मामा हॉलच्या भिंतीकडेनं चालू लागले. सगळ्यांनी श्वास रोखले. मामा दारापासून खिडकीपर्यंत गेले. काही नाही. खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत गेले. काही नाही. संडास-बाथरूमच्या बाजूच्या भिंतीपाशी आले आणि नारळ थरथरला! मग कलला! मग ताडकन उभा राहिला!

"इथीसा!" मामा गरजले. "इथीसा हाय, आन लय जोरात हाय!"

"मार बे, गुलशन!" भोजराज ओरडले.

गुलशननं छिन्नी लावली आणि हातोडा हाणला. एक, दोन, आणि तिसऱ्या घावाला भिंतीतून असा फवारा उडाला की गुलशन थेट समोरच्या गादीवर जाऊन बसला! टाकीचा पाइप होता तो. वरची टाकी पहाटेच नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली. पाणी हॉलभर नाचू लागलं. पोपटांचे पडदे भिजले, महाराजांचा फोटो भिजला.

"मामा! हे काय निघालं?"

"पानी," मामा शांतपणे म्हणाले. "मी पान्यावाला मानूस होय. पानी सांगतलो, पानी निघालं. माहं काय चुकलं?"

आणि खरोखर, काय चुकलं होतं त्यांचं?

"कॉक बंद करो, कॉक!" गुलशन गादीवरून ओरडला. "भैया, कॉक किधर है?"

भोजराजांचा चेहरा पुट्टीसारखा पांढरा पडला. ते कोपऱ्याकडे धावले. कोपऱ्यात पिवळीजर्द, गुळगुळीत, एकसंध भिंत होती. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. काम इतकं सुरेख झालं होतं की त्यांनाही जागा सापडेना!

"अजी," रीता म्हणाली, "तोबी बुजवला?"

"तो... डबाच होता न वं."

आता टाकी रिकामी होईपर्यंत पाहत बसण्याशिवाय इलाज नव्हता. पण भोजराज पाहत बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उरलेल्या भुशाचं पोतं आडवं टाकलं, त्यावर गादी, त्यावर माती. आयुष्यात पहिल्यांदा भोजराज कापगत्यांनी स्वतःच्या हातानं पाळ बांधली, आणि मागे तलावही तयार झाला! घोटाभर पाण्यात उभे राहून ते थापीनं माती थापटत होते, तेवढ्यात दारात सुलोचनाबाई उभ्या राहिल्या. हाताला धरून नीतू.

 फक्त पाणी बोलत होतं.

भोजराज चिखलाच्या हातांनी सावधान उभे राहिले. काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"बाई, एकही डबा उघडा नाई. पाहून घ्या."

बाईंनी पाहून घेतलं. भिंतीला पडलेली भोकं पाहिली, फवारा पाहिला, गादीवर बसलेला गुलशन पाहिला, नारळ धरलेले मामा पाहिले.

"डबा उघडा नाही, हे खरं," त्या म्हणाल्या. "असं करायला तुला सांगितलं कोणी?"

"नियमच हाय बाई. व्हिडिओत सांगतलं."

"लाव तो व्हिडिओ."

भोजराजांनी ओल्या हातांनी मोबाइल काढला. टायवाले गृहस्थ परत म्हणाले, प्रत्येक डबा झाकलेला असलाच पाहिजे. मात्र. मग गुडघ्याचं तेल आलं. भोजराजांचं बोट बंद करायला गेलं, बाईंनी नुसतं पाहिलं, बोट मागे आलं. सगळ्यांनी घोटाभर पाण्यात उभं राहून तेलाची जाहिरात पूर्ण ऐकली. मग गृहस्थ म्हणाले, "मात्र ते झाकण केव्हाही, भिंत न फोडता उघडता आलं पाहिजे. डबा बुजवणे ही सर्वांत घातक चूक आहे."

"चौथीत असताना अर्धा प्रश्न वाचून उत्तर लिहायचास," बाई म्हणाल्या. "मला वाटलं होतं सुधारशील."

रीता तेव्हा मात्र फुटली. "बाई, मले काय हौस नाई पैशाची. घरात लेकराचा आवाज यावा एवढंच मागतली मी. दोन वरस झाले, या घरात फक्त याइचा आवाज येते!" आणि ती पदर डोळ्याला लावून रडू लागली. भोजराजांना वाटलं, आपण बांधलेल्या तलावात आपणच उडी घ्यावी. पण तो घोट्याएवढाच होता.

तेवढ्यात छपाक् असा आवाज आला. नीतू आजीचा हात सोडून पाण्यात बसली होती आणि दोन्ही हातांनी पाणी उडवत होती. "आजी, मी इथंच राहणार!" तिनं जाहीर केलं. तिला ओढून बाहेर काढायला बाईंना बराच वेळ लागला. जाताना बाई रीताला म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारपर्यंत देते. आणि यानं कशालाही हात लावायचा नाही."

पुढचे दिवस घर अंधारात आणि भोजराज हातावर हात ठेवून. मिलमध्ये जायचे, यायचे, सोफ्यावर बसायचे. गुलशननं पाइप जोडला, पण डबे काही सापडेनात. अख्खी भिंत फोडायची म्हणजे नवं घर बांधणंच आलं. मंगळवार गेला तशी रीतानं पोपटांचे पडदे घडी करून पेटीत ठेवून दिले.

बुधवारी सकाळी ती झाडू मारत होती. सोफ्यामागे वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. मग तिनं अशी हाक मारली की भोजराज दाढीच्या फेसासकट धावत आले.

"अजी, भिंतीले धान उगवलं!"

खरंच! पिवळ्या भिंतीला बारीक चौकोनी भेगा पडल्या होत्या आणि त्यातून बोटाएवढे हिरवेगार कोंब डोकावत होते. मिलच्या अंगणातल्या झाडलेल्या भुशात अख्खे दाणे राहतातच. त्यांना काळी माती मिळाली, शेणखत मिळालं, आणि शुक्रवारी तर तुडुंब पाणीही मिळालं. धानाच्या जिल्ह्यातलं बी ते, त्याला आणखी काय हवं! महाराजांच्या फोटोखाली धान, खिडकीजवळ धान, कोपऱ्यातल्या कॉकवर तर भरघोस धान. जिथे जिथे डबा, तिथे तिथे धानाच्या रोपांचं पऱ्हं!

गुलशन आला, धान उपटत गेला आणि डबे मोकळे करत गेला. तारा सुकवल्या, जोड नीट बांधले, आणि प्रत्येक डब्यावर स्क्रूची पांढरी पट्टी आवळली. लेकरांच्या हाताला लागतील अशा प्लगांना भोकं झाकणारी टोपणंही बसवली. मेन स्विच वर केला, तो वरच राहिला. पंखा लावला, पंखाच फिरला! मामांना फोनवर हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "मी पानी काढून देल्लो म्हनून उगवलं. नाईतं कोठचे सापडतेत तुहे डबे!"

शुक्रवारी सुलोचनाबाई आल्या. एकेक पट्टी हलवून पाहिली. गुलशनकडून एक उघडून घेतली, परत लावून घेतली. पोपटांचे पडदे परत लागले होते. नीतू तर आल्या आल्या गादीवर लोळायलाच लागली. पाणी कुठे गेलं म्हणून थोडी रुसली, पण तेवढंच.

"छान," बाई म्हणाल्या. रीताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण या वेळचं वेगळं.

मग बाईंची नजर वर गेली. अगदी छताजवळ, स्टुलावर चढूनही जेमतेम हात पोचेल अशा ठिकाणी एक नवं लाकडी कपाट ठोकलं होतं. त्याला भलंमोठं कुलूप.

"त्यात काय आहे?"

"थापी, छिन्नी, पेचकस, पुट्टी," रीता म्हणाली.

"चांगलं केलंस. पण इतक्या उंचावर कशाला? लेकरांचे हात याच्या निम्म्यावरही पोचत नाहीत."

"लेकरांसाठी नोहे ते, बाई."

सोफ्यावर बसलेल्या भोजराजांनी पेपर तोंडापुढे आणखी वर धरला.

पाळणाघर आता जोरात चालू आहे. सात-आठ लेकरांच्या कलकलाटात भोजराजांचा आवाज ऐकूही येत नाही. पण परवा बाथरूमच्या नळाखाली त्यांना एक बारीकसं भोक दिसलं, आणि हात शिवशिवले. आजाची थापी आठवली. ते रीताकडे गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "किल्ली कोठी ठेवली वं त्या कपाटाची?"

"डब्ब्यात," रीता म्हणाली.

"कोनत्या डब्ब्यात?"

"झाकन लावलं हाय पक्कं. शोधा!"

स्वयंपाकघरात फळीभर डबे. भोजराजांनी तांदळाचा ठोकला, पोह्याचा ठोकला, कान लावला, काही कळेना. शेवटी परसात जाऊन हळू आवाजात त्यांनी दुधराम मामांना फोन लावला. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग ते म्हणाले,

"पाह्य बापू, किल्ली पान्यात असन तं आत्ता नारळ घेऊन येतो. डब्ब्यात असन तं उगवाची वाट पाह्य!"